जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचे गेम: कोणता घ्यायचा, कुठून घ्यायचा आणि सुरुवात कशी करायची

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही अशा बऱ्याच जणांनी मग लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं. ब्राउझर चालतो, प्रिंटर चालतो, ऑफिसच्या फायली उघडतात. आठवड्याभरात घरातलं कोणीतरी विचारतंच, "यावर गेम चालतात का हो?"

चालतात. पण कोणते आणि कशाच्या जोरावर, हे आधी कळलेलं बरं. लिनक्सवर गेम दोन वाटांनी येतात. पहिली वाट म्हणजे गेम लिनक्ससाठीच बांधलेला, म्हणजे नेटिव्ह. दुसरी वाट म्हणजे विंडोजचा गेम प्रोटॉन नावाच्या थरावरून चालवायचा. व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन २०१८ मध्ये आणलं, आणि नव्या मशीनवर ते अफाट काम करतं. अडचण जुन्या मशीनची आहे. प्रोटॉन विंडोजच्या ग्राफिक्स आज्ञा व्हल्कन नावाच्या नव्या ग्राफिक्स पद्धतीत बदलून देतं, आणि चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या इंटेल चिपमधल्या ग्राफिक्सला व्हल्कन धड झेपत नाही. तिथे तासभर डाउनलोड करून शेवटी काळा पडदा बघायची पाळी येते. म्हणून नेटिव्हचा आग्रह. त्यात तत्त्वनिष्ठा वगैरे काही नाही, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तोच व्यवहार आहे.

पुढचं सगळं लिनक्स मिंट समोर ठेवून लिहिलंय. उबंटूवर मेन्यूंची नावं थोडी वेगळी दिसतील, एवढंच.

आधी मशीन बघा

मेन्यूतून 'सिस्टीम रिपोर्ट्स' उघडा, त्यात 'सिस्टीम इन्फॉर्मेशन'वर जा आणि ग्राफिक्सचा भाग शोधा. तिथे 'रेंडरर' असा शब्द दिसेल. त्याच्यापुढे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव असेल तर निर्धास्त राहा. 'एलएलव्हीएमपाइप' असं काही लिहिलं असेल तर थांबा. याचा अर्थ ग्राफिक्स चिप झोपलेली आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतोय. अशा वेळी साधा कार्टचा गेमही अडखळतो, आणि लोक खापर लिनक्सवर फोडतात.

इंटेल आणि एएमडीला वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, तो आतच असतो. फक्त 'अपडेट मॅनेजर' चालवून मशीन एकदा रीस्टार्ट करा. एनव्हिडिया असेल तर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ज्या ड्रायव्हरपुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो निवडा आणि रीस्टार्ट करा. इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून हाताने बसवण्याच्या भानगडीत पडू नका. ती विंडोजची सवय आहे, इथे ती अंगाशी येते.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, म्हणजे इंटेलचं आणि जोडीला एनव्हिडियाचं, तर गेमच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून एनव्हिडियावर चालवण्याचा पर्याय घ्या. आपणहून गेम बऱ्याचदा इंटेलवरच सुरू होतो.

गेम कुठून घ्यायचा

'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडून गेमचं नाव टाका. बऱ्याच गेमच्या दोन आवृत्त्या दिसतील, एक सिस्टीम पॅकेज (मिंटच्या स्वतःच्या साठ्यातलं) आणि एक फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारं, लागणारं सामान सोबत आणणारं). सिस्टीम पॅकेज लहान असतं पण जुनं असतं. फ्लॅटपॅक ताजं असतं, मात्र पहिल्यांदा घेताना सोबत बरंच सामान उतरवतं, एक-दीड जीबीसुद्धा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हे लक्षात ठेवा. ऑनलाइन खेळायचे गेम फ्लॅटपॅकमधूनच घ्यावेत, कारण सर्व्हरवरच्या लोकांची आवृत्ती आणि आपली आवृत्ती जुळावी लागते. एकट्याने खेळायचं असेल तर सिस्टीम पॅकेज पुरतं.

मिंट २२ पासून पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक यादीत आपोआप दिसत नाहीत. हवा तो गेम सापडला नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ती दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केलात तर पॅकेज कोणी बांधलंय ते वाचून मगच घ्या.

पहिला गेम: बॅटल फॉर वेस्नॉथ

एकच गेम सांगा म्हटलं तर मी डोळे मिटून हा सांगेन. २००३ पासून तो बनतोय, फुकट आहे, जुन्यातल्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवर पळतो आणि संपता संपत नाही. पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा खेळ आहे. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर आपलं सैन्य. बोटांच्या चपळाईचं इथे काही काम नाही, त्यामुळे चाळिशी उलटलेल्यांनीही बिनधास्त यावं.

सुरू केल्यावर थेट मोहिमेत उडी मारू नका. आधी ट्युटोरियल पुरं करा. मग 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' ही मोहीम घ्या. तिच्यात चारच डाव आहेत, एका रविवारात होते. त्यानंतर 'द साउथ गार्ड'. यादीत वर दिसते म्हणून 'एअर टू द थ्रोन'ला हात घालणारे बरेच असतात. ती लांबलचक आहे, नवखा तिच्यात मध्येच अडकतो.

खेळताना पहिल्यांदा बघायची ती जमीन. प्रत्येक शिपायाला प्रत्येक जमिनीवर वेगळं संरक्षण मिळतं. एल्फ (जंगलात राहणारी काल्पनिक जमात) गवतावर उभा असेल तर त्याच्यावर केलेल्या दहा वारांतले साधारण सहा बसतात. तोच एल्फ झाडीत गेला की तीन-चारच बसतात. म्हणजे एका घराने मागे सरून झाडाखाली उभं राहिलं तरी लढाई पालटते. शत्रूला गवतात किंवा पाण्यात ओढायचं आणि आपण झाडी, डोंगर किंवा गाव धरायचं. निम्मा खेळ इथेच आहे.

मग घड्याळ. सहा पाळ्यांचा एक दिवस होतो. माणसांचं सैन्य दिवसा २५ टक्के जास्त मारतं आणि रात्री तेवढंच कमी. ऑर्क (राक्षसी जमात) आणि मुडद्यांचं नेमकं उलट. एल्फांना दिवस-रात्र सारखीच. तेव्हा माणसं घेऊन खेळताना संध्याकाळ झाली की हल्ला आवरता घ्या, गावांपाशी मागे या, रात्र काढा आणि सकाळी तुटून पडा. नवखा नेमका रात्री ऑर्कांच्या अंगावर जातो.

शिपायापुढे '५-४' असं लिहिलेलं दिसेल. पाच इजेचे चार वार, असं ते वाचायचं. चारही बसतील असं नाही, जमिनीच्या टक्केवारीप्रमाणे फासे पडतात. सांगाड्यांवर तलवार आणि भाला फारसा लागत नाही. त्यांच्यासाठी जादूगाराची आग किंवा हातोडा हवा. हल्ला पक्का करण्याआधी एक खिडकी उघडते, तिच्यात किती इजा होण्याची किती शक्यता आहे ते सगळं मांडलेलं असतं. ती वाचायचा कंटाळा करू नका.

गावं ताब्यात घेतली की दर पाळीला सोनं मिळतं, आणि गावात थांबलेला शिपाई पाळीला आठ गुणांनी बरा होतो. जे शिपाई अनुभव घेऊन वरच्या पायरीला गेले, त्यांना पुढच्या डावात २० मोहरा देऊन परत बोलावता येतं. म्हणून मारायला आलेला शत्रू थोडक्यात उरला असेल, तर शेवटचा घाव ज्याची बढती जवळ आलीय त्याला घालू द्या. थोरल्या योद्ध्यालाच सगळे बळी देत बसलात तर तिसऱ्या डावात त्याच्या मागे उभं राहायला कोणी उरत नाही.

एक तक्रार मात्र खरी आहे. नशीब कधीकधी असं फिरतं की सत्तर टक्के शक्यतेचे चारही वार हुकतात. चिडून प्रत्येक वेळी आधीचा सेव्ह उघडायची सवय लागली तर खेळातली मजा गेलीच. एखादा मोहरा गेला तर जाऊ द्यावा.

ज्यांना गाडी धावताना बघायला आवडतं त्यांच्यासाठी: ओपनटीटीडी

१९९५ च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' या गेमची ही मुक्त आवृत्ती २००४ मध्ये सुरू झाली. रेल्वे, बस, जहाज, विमान चालवायचं, माल आणि माणसं पोचवायची, पैसा कमवायचा. चित्रं जुन्या धाटणीची आहेत, त्याकडे दुर्लक्ष करा. पहिल्यांदा उघडल्यावर चित्रांचा संच नसल्याचं सांगून डाउनलोडची परवानगी मागितली तर द्या, तो संचही फुकटच आहे.

गेम ऑप्शन्समध्ये जाऊन चलन भारतीय रुपया करा. अक्षरं बारीक दिसत असतील तर तिथेच इंटरफेसचा आकार दुप्पट करा. नवा खेळ सुरू करताना समशीतोष्ण हवामान आणि २५६ बाय २५६ चा नकाशा ठेवा. सेटिंगमध्ये गाड्या बिघडण्याचं प्रमाण कमी करून ठेवलंत तर सुरुवातीला डोक्याला ताप राहत नाही.

आता पहिली गाडी. ती कोळशाचीच असावी. बसने सुरुवात करणारे पैसे संपवून बसतात. खाणींवर क्लिक करत चला, गेल्या महिन्यात किती टन निघाला ते दिसतं. शंभर टनांच्या पुढची खाण शोधा. तिच्यापासून साठ-सत्तर घरांवरचं वीज केंद्र निवडा. जवळचं निवडलंत तर भाडं कमी मिळतं, फार लांबचं निवडलंत तर रूळ टाकण्यातच कर्ज संपतं.

खाणीला लागून चार घरं लांबीचा एक फलाट टाका. टाकण्याआधी स्टेशनच्या खिडकीत 'सप्लाईज'पुढे कोळसा दिसतोय ना, याची खात्री करा. दिसत नसेल तर स्टेशन खाणीच्या टप्प्यात नाही. वीज केंद्रापाशी तसाच फलाट टाका आणि तिथे 'ॲक्सेप्ट्स'पुढे कोळसा हवा. मधले रूळ ऑटोरेलने ओढा. टेकडी आली तर चढवू नका, वळसा घाला. जुनी वाफेची इंजिनं चढावर अक्षरशः रांगतात. वाटेत कुठेतरी रुळाला जोडून एक डेपो ठेवा.

डेपोवर क्लिक करून एक इंजिन आणि कोळशाचे सात डबे घ्या. एका घरात दोन डब्यांएवढी जागा असते, म्हणजे एवढी गाडी चार घरांच्या फलाटावर बरोबर बसते. गाडीच्या ऑर्डर्स उघडा. पहिली ऑर्डर खाणीच्या स्टेशनची, तिला 'फुल लोड' लावा. दुसरी वीज केंद्राची. गाडी सोडा. पहिली गाडी स्टेशनात येऊन भरायला लागेपर्यंत तिथे कोळसा जमतच नाही, म्हणून आधी रिकामं स्टेशन बघून घाबरू नका.

पैसे जमले की लगेच दुसरी गाडी घ्यावीशी वाटते. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहतात आणि हलत नाहीत. त्यावर सोपा उपाय आहे. दोन्ही टोकांना आणखी एकेक फलाट जोडा, आणि प्रत्येक फलाटाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी एक पाथ सिग्नल लावा. सिग्नल फलाटातून निघणाऱ्या गाडीला दिसेल असा हवा, आणि साधाच पाथ सिग्नल घ्या, एकेरी नको. साध्या सिग्नलला मागच्या बाजूने गाडी ओलांडू शकते, एकेरीला नाही. आता समोरच्या स्टेशनापर्यंतची वाट मोकळी असेल तरच गाडी निघेल, नाहीतर फलाटावर उभी राहील. कर्जत-खोपोली मार्गावर एकेरी रुळामुळे लोकल थांबून राहते, अगदी तसंच.

दुसरी गाडी घेताना क्लोनचं बटण दाबा आणि कंट्रोल धरून पहिल्या गाडीवर क्लिक करा. दोघींच्या ऑर्डर्स एकच होतात, पुढे एकीच्या बदलल्या की दुसरीच्याही बदलतात. इथून पुढे मात्र मी सांगण्यासारखं काही नाही, रात्रीचे दोन कधी वाजले ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मुलांसाठी आणि पाहुणे आल्यावर

सुपरटक्सकार्ट टाका. छोट्या गाड्यांची शर्यत आहे आणि गाड्या चालवणारे सगळे मुक्त सॉफ्टवेअरमधले चेहरे आहेत. लिनक्सचा पेंग्विन त्यात अर्थातच आहे. बाण वापरून गाडी चालवायची, स्पेसने हत्यार फेकायचं, 'एन'ने नायट्रो, 'व्ही' धरून वळणावर घसरायचं. एका स्क्रीनचे दोन भाग करून दोघं खेळू शकतात. त्यासाठी खेळाडू निवडताना प्रत्येकाने आपापली हत्याराची कळ दाबायची.

दोघंही एकाच कीबोर्डवर असतील तर काही कळा दाबूनही लागत नाहीत, कारण स्वस्त कीबोर्ड एका वेळी मोजक्याच कळा ओळखतो. साधा यूएसबी गेमपॅड लावला की प्रश्न मिटतो. तो बहुतेक वेळा जोडताक्षणीच ओळखला जातो. गेम अडखळत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक लाइट्स बंद करा. जुन्या इंटेलवर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, बाकीचे पर्याय नंतर बघा.

मुलं माइनक्राफ्टसाठी हटून बसली असतील तर लुआंटी. ऑक्टोबर २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं, त्यामुळे जुन्या पॅकेजमध्ये तेच नाव दिसेल. हे नुसतं इंजिन आहे. उघडल्यावर 'कंटेंट'मध्ये जाऊन व्हॉक्सेलिब्र हा गेम उतरवा. खोदकाम, घरबांधणी, रात्री येणारी भुतं, सगळं जवळपास तसंच आहे. नुसतं इंजिन उघडून "यात तर काहीच नाही" म्हणत काढून टाकणारे मी बरेच पाहिलेत.

मशीन थोडं बरं असेल तर

आठ जीबी रॅम असेल तर झिरो ए.डी. घ्या. प्राचीन काळातल्या राज्यांचा हा खेळ आहे: शेती, लाकूड, तट आणि लढाई. निवडण्याजोग्या राज्यांत मौर्य आहेत, आणि चंद्रगुप्त, अशोक व चाणक्य नायक म्हणून मिळतात. ज्या अशोकाचे लेख नालासोपाऱ्याला सापडले तोच हा. मौर्यांकडे कामाचा हत्ती मिळतो. तो लाकूडतोड्यांच्या बाजूला नेऊन उभा करा, म्हणजे ते तोडलेलं लाकूड त्याच्यापाशीच टाकतात आणि कोठारापर्यंतची खेप वाचते. पहिल्या पाच मिनिटांत शिपाई जमवू नका, माणसं आणि शेतं वाढवा. सैन्य दोनशेच्या आसपास गेलं की चांगलं मशीनही धापा टाकतं, म्हणून लोकसंख्येची मर्यादा आधीच कमी ठेवा.

धावत्या बंदुकबाजीची हौस असेल तर झोनोटिक आहे. वेग भन्नाट, कथा शून्य.

पैसे देऊन घ्यायचे असतील तर

स्टीम हे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर २०१३ पासून आहे. स्टीमच्या साइटवरून .डेब फाइल घ्या किंवा मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. उबंटूवर त्याचं स्नॅप (उबंटूचं स्वतःचं पॅकेज) मात्र टाळा, त्यात भलत्याच अडचणी येतात.

दुकानात गेमच्या पानावर विंडोजच्या खिडकीशेजारी स्टीमचं छोटं चिन्ह दिसलं तर तो गेम लिनक्सवर नेटिव्ह आहे. 'स्टीम डेक व्हेरिफाइड'ची हिरवी खूण (स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं मशीन) ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रोटॉनवर चालणाऱ्या गेमलाही मिळते, तेव्हा त्या खुणेवर भुलून जुन्या लॅपटॉपसाठी गेम घेऊ नका. घेऊन फसलात तरी चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात.

कमी ताकदीच्या मशीनवर स्टारड्यू व्हॅली आणि इन्टू द ब्रीच हे दोन माझे पहिले. पहिला शेतीचा, निवांत. दुसरा आठ बाय आठच्या पटावरचा, चार मिनिटं विचार करून एक चाल करायला लावणारा. हॉलो नाइट सुंदर आहे, पण बोटं दुखतील. फॅक्टोरिओ घेण्याआधी त्याच्या साइटवरून लिनक्सचा फुकट डेमो खेळा. तो गेम सेलमध्ये कधीच येत नाही, निर्मात्यांचं तसं धोरणच आहे. म्हणून दिवाळी सेलची वाट बघत बसू नका.

डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक २ दोन्ही नेटिव्ह आणि फुकट आहेत. मुंबई आणि चेन्नईत व्हॉल्व्हचे सर्व्हर असल्यामुळे इथून खेळताना विलंबही कमी लागतो. पण दोन्ही मिळून शंभर जीबीच्या पुढे जागा खातात, आणि काउंटर-स्ट्राइकला ग्राफिक्स कार्ड हवंच. व्हॅलोरंटचं विचाराल तर ते लिनक्सवर चालतच नाही, नेटिव्हही नाही आणि प्रोटॉनवरही नाही. त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते. पुण्यात बनलेला 'राजी' हा गेमही कॉम्प्युटरवर विंडोजपुरताच निघाला आहे. तो हवा असेल तर प्रोटॉन, म्हणजे पुन्हा नव्या मशीनचा प्रश्न.

नेटिव्ह आवृत्ती कधीकधी निर्माते वाऱ्यावर सोडतात. रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्सचा सपोर्ट काढून घेतला. एखादा नेटिव्ह गेम सुरूच होत नसेल आणि मशीन व्हल्कन पेलणारं असेल, तर गेमवर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे प्रोटॉन निवडून बघा. स्टीमचे गेम विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नका. लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ठेवलेत तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

सेव्ह कुठे असतात

मिंट नव्याने टाकायची वेळ आली की हा प्रश्न पडतो. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि 'एच' दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. सिस्टीम पॅकेजमधून घेतलेल्या वेस्नॉथ आणि ओपनटीटीडीचे सेव्ह '.लोकल'मधल्या 'शेअर' फोल्डरात त्या त्या गेमच्या नावाने असतात. फ्लॅटपॅक असेल तर '.व्हार'मध्ये, त्यातल्या 'ॲप'मध्ये. ते फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या सिस्टीमवर त्याच जागी ठेवा. मिंटचं टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ते सिस्टीमच्या फायली जपतं, होम फोल्डर त्यात आपणहून धरलेलं नसतं.